खान्देशच्या उन्हात पॉलिमर क्लेची परी

पॉलिमर क्ले नावाला माती. खरं तर ती पीव्हीसीची भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य. म्हणून ती उन्हाने मऊ पडते. एप्रिल-मेत जळगाव-धुळ्याचा पारा ४२-४४ वर गेला की बोटाचा दाब पडताच परीच्या बाहुलीचं नाक चपटं होतं. त्या दिवसांत काम पहाटेच करावं. क्ले फारच चिकट झाली तर पातळ पोळी लाटून दोन कोऱ्या कागदांत अर्धा तास दाबून ठेवा. जादा तेल कागद शोषतो. क्लेचं पाकीट बंद गाडीत मुळीच ठेवू नका, तिथल्या उष्णतेत ती भाजल्यासारखी अर्धवट कडक होते.

८ सेंटिमीटरच्या परीला साधारण १५ ग्रॅम क्ले पुरते. २२ गेज जाडीच्या तांब्याच्या तारेचा सांगाडा करून धडाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळा, क्ले त्यावर चढवा. फॉइल सैल राहिली तर आत हवा अडकते आणि ओव्हनमध्ये भाजताना पोटावर फुगा येतो. डोकं ११ मिलिमीटरचं, म्हणजे टपोऱ्या काबुली हरभऱ्याएवढं. डोळ्यांची रेघ डोक्याच्या बरोबर मध्यावर येते. नवशिके ती वर घेतात आणि परी म्हातारी दिसते. नाकाला बाजरीच्या दाण्याएवढा गोळा पुरे, कडा सुईच्या बोथट टोकाने मिसळा. चेहरा झाला की डोकं तारेच्या तुकड्यावर खोचून आधी १० मिनिटं भाजून घ्या, म्हणजे पुढे हातात धरताना तो बिघडत नाही. तळव्याला ब्लेडने चार चिरा दिल्या की बोटं तयार. पंखांसाठी पाठीला दोन भोकं आत्ताच पाडा, भाजल्यावर टोचणं अवघड जातं.

कपाशीच्या हंगामात हवेतला तंतू पांढऱ्या क्लेला लगेच चिकटतो. सुती कपडे टाळा, हात ओल्या वाइपने पुसा. चिकटलेला तंतू आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या इअरबडने निघतो.

भाजण्याचं तापमान पाकिटावर असतं, बहुधा ११० ते १३० अंश. ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनच्या, बटणावर विसंबू नका, आत थर्मामीटर ठेवा. ओव्हन आधी तापवा, परी टाइलवर आडवी ठेवा, वर फॉइलचं छप्पर करा. दर ६ मिलिमीटर जाडीला १५ मिनिटं हा ढोबळ हिशेब. पाकिटावर जास्त वेळ दिला असेल तर तोच पाळा. मायक्रोवेव्ह चालत नाही. क्ले जळली तर हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात. भाजून झाल्यावर ओव्हनमध्येच थंड होऊ द्या, एकदम बाहेर काढली तर तडा जातो. सोबत एक पातळ पट्टी भाजा. गार झाल्यावर ती वाकली तर परी पक्की, कडकन तुटली तर पुन्हा भाजा.

केस मात्र इथलेच लावा. रावेर-यावलकडे केळीच्या खांबापासून निघणारा धागा सोनेरी, चमकदार असतो. दातेरी फणीने विंचरून छोट्या झुपक्यांनी मानेकडून वर चिकटवत जा. पंख पारदर्शक शीटचे कापून तारेला जोडा आणि भोकांत सुपरग्लूने बसवा. रंग अ‍ॅक्रिलिकच. नेलपॉलिशने पृष्ठभाग काही आठवड्यांत चिकट होतो आणि मग त्यावर धूळ कायमची बसते.