अनंत लावा, पण चुन्या-राखेपासून लांब

गेल्या वर्षी बेंगळुरूहून भाचीने कॅमेलियाच्या फुलाचा फोटो पाठवला. "मावशी, हे तुझ्या गोव्यातल्या म्हार्दोळच्या अंगणात येईल का?" कॅमेलिया म्हणजे चहाच्या झाडाचं सख्खं भावंड. त्याला दार्जिलिंगसारखी थंडी मानवते. आपल्याकडे थंडीतही रात्रीचा पारा वीसच्या आसपासच रेंगाळतो, मग कळ्या नीट उमलणार कशा? मी तिला सांगितलं, इथे त्यापेक्षा अनंत (गार्डेनिया) बरा. तशीच काळपट हिरवी, तुकतुकीत पानं, तशीच आंबट मातीची आवड, आणि वर असा वास की तिन्हीसांजेला दिवा लावायला बाहेर आलं की पाय तिथेच थबकतात.

आंबट माती म्हणजे आपली जांभ्याची तांबडी माती. तिचा सामू (पीएच; सातापेक्षा जितका कमी, तितकी माती आंबट) बहुधा सहाच्या आसपास किंवा त्याहून खाली असतो आणि अनंताला तेच हवं. त्यामुळे माती विकत आणायची गरज नाही. ती बिघडवायची नाही, एवढंच सांभाळायचं.

हे मी नुकसान सोसून शिकले. पहिलं रोप मी घराच्या नव्या गिलाव्याच्या भिंतीलगत लावलं आणि न्हाणीच्या चुलीतली राख त्याच्या बुंध्याशी टाकत राहिले. माडाला राख मानवते, म्हणून मला वाटलं, सगळ्यांनाच मानवेल. वर्षभरात कोवळी पानं पिवळी पडली, फक्त शिरा हिरव्या राहिल्या. वैशाखात कळ्या बोटाच्या पेराएवढ्या होऊन टपाटप गळल्या. एक उचलून पाहिली. वरून अगदी सुंदर, वातीसारखी पिळलेली, आणि देठाशी तपकिरी. फार वाईट वाटलं. सिमेंटमधला चुना आणि राख यांनी माती अल्कधर्मी होते. मग मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही, आणि पानं पिवळी पडतात. कळ्या गळण्याचं कारण मात्र वेगळं होतं. मी एक दिवस बादलीभर पाणी घालायचे आणि तीन दिवस विसरायचे.

मृग लागून दोन-चार चांगल्या सरी पडल्या की रोप लावा. भिंतीपासून निदान चार-पाच फूट लांब, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी माडाची किंवा सुपारीची सावली येईल अशी जागा बघा. खड्डा दीड फूट पुरे. काढलेल्या मातीत तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत आणि तेवढाच कुळागरातला, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतला, कुजका पातेरा (पालापाचोळा) मिसळा. रोप खोल गाडू नका. बुंधा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटं वर राहू द्या, नाहीतर आषाढात पाणी साचून मुळं कुजतात. भोवती नारळाची सोडणं (वरची जाड सालं) उपडी मांडा, पण बुंध्याला टेकवू नका. उन्हाळ्यात त्यांच्याखाली ओल टिकते.

पाऊस संपला की पाण्याचं वेळापत्रक ठरवून घ्या. कळ्या धरल्यापासून फुलं येईपर्यंत एकही दिवस चुकवायचा नाही. सकाळी, थोडं थोडं, बावीचं (विहिरीचं) पाणी. कुंडीत असेल तर या काळात कुंडीची जागाही बदलू नका, त्यानेसुद्धा कळ्या गळतात.

पानं पिवळी दिसली तर पाच लिटर पाण्यात एक चमचा हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) विरघळवून महिन्यातून एकदा बुंध्याशी घाला. माझं ते रोप मी पुढच्या मृगात मातीच्या मोठ्या गोळ्यासकट उचलून बावीजवळ नेलं आणि हिराकस दिलं. जुनी पिवळी पानं फारशी सुधारली नाहीत, पण नवी हिरवीगार आली.

फांद्यांवर मुंग्यांची ये-जा वाढली की पानांच्या बेचक्यात बघा. तिथे कापसासारखा पिठ्या ढेकूण सापडेल. थोडा असेल तर ओल्या फडक्याने पुसा, जास्त असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा.

छाटणी फुलांचा बहर ओसरल्यावर लगेच, श्रावणाच्या आत. उशिरा छाटलं तर पुढच्या वर्षीच्या कळ्या धरणाऱ्या फांद्याच जातात. छाटलेल्यांतल्या वीतभर अर्धवट जून फांद्या टाकू नका. वरची दोन पानं ठेवून ओल्या, भुसभुशीत मातीत सावलीला खोचा. महिना-दीड महिन्यात मुळं फुटतात. भाचीला मी अशीच दोन रोपं दिली.

देवासाठी फूल हवं असेल तर कळीच्या टोकाचा हिरवेपणा जाऊन पांढरं उघडू लागलं की संध्याकाळी देठासकट नखाने खुडा आणि ओल्या केळीच्या पानात गुंडाळून ठेवा. सकाळपर्यंत ती उमलते. दुसऱ्या दिवशी तिच्यावर पिवळसर छटा येते, वास मात्र तेव्हाही तेवढाच असतो.