पेशंट उचलायचा नसतो, सरकवायचा असतो

वॉर्डात नवी सिस्टर रुजू झाली की मी आधी तिच्या पायांकडे बघते. मागे पट्टा नसलेली, गुळगुळीत तळाची चप्पल असेल तर दुसऱ्या दिवशी बूट घालून यायला सांगते. पेशंट हलवताना जोर पायातून यावा लागतो, आणि पायच घसरत असेल तर तो सगळा कमरेवर येतो.

एक आकडा लक्षात ठेवा. अमेरिकेतले संशोधक थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये हिशेब मांडला, की सगळं अनुकूल असतानाही एकटीने हाताने पेशंटचा सुमारे १६ किलोपेक्षा जास्त भार घेऊ नये. साठ किलोच्या माणसाचा नुसता एक पायच दहा किलोच्या आसपास भरतो. म्हणजे सर्जन ड्रेसिंग करत असताना एखाद्या धिप्पाड माणसाचा पाय हातात धरून उभं राहणं हेसुद्धा हलकं काम नाही. पायाखाली उशा रचा, त्यावर मॅकिंटॉश (रबरी चादर) टाका, आणि हात मोकळे ठेवा.

आता सगळ्यात जास्त कंबरा मोडणारं काम: खाली घसरलेल्या पेशंटला वर घेणं. काखेत हात घालून ओढायची सवय आजपासून बंद. त्यात तुमची कंबर जाते आणि पेशंटचा खांदाही. असं करा. पलंगाचा डोक्याकडचा भाग पूर्ण खाली घ्या, नाहीतर तुम्ही त्याला चढावर ओढताय. (हँडल जाम असेल तर रजिस्टरला लिहून दुरुस्तीला पाठवा, रोज त्याच्याशी कुस्ती कशाला?) ज्याला श्वास लागतो त्याला जेवढा वेळ सहन होईल तेवढाच वेळ सपाट ठेवा. उशी काढून डोक्याकडच्या दांडीला उभी टेकवा, डोकं आपटणार नाही. ड्रॉ-शीट, म्हणजे पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर, खांद्यापासून मांड्यांपर्यंत आहे ना, बघा. नुसती कमरेखाली असेल तर खांदे मागेच राहतात. दोघी दोन बाजूंना. चादरीची कड गुंडाळत अगदी पेशंटच्या अंगाला भिडवा, कारण लांबून धरली की हात ताणले जातात आणि मानेपासून कळ सुरू होते. पुढचा पाय पलंगाच्या डोक्याच्या दिशेला, गुडघे किंचित वाकलेले. पेशंट शुद्धीत असेल आणि मणक्याला किंवा खुब्याला मार नसेल, तर त्याला गुडघे मुडपून हनुवटी छातीला लावायला सांगा. मग एक, दोन, तीन. हात खेचत नाहीत. तुमचं वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर जातं आणि चादर सोबत येते. एका दमात नाही जमलं तर दोनदा करा.

‘मॅडम, नाइटला दुसरी आणायची कुठून?’ हे मला दरवेळी विचारतात, आणि प्रश्न खरा आहे. म्हणून जड पेशंट हँडओव्हरच्या वेळी हलवा, तेव्हा दोन्ही शिफ्टच्या सिस्टर वॉर्डात असतात. मधल्या वेळी मावशींना किंवा नातेवाइकांना बोलवा, पण चादर कशी धरायची ते आधी दाखवून. आणि प्रत्येक जड पेशंटला ‘ब्रदरला बोलवा’ हे चालणार नाही. पुरुष नर्सच्या पाठीत काही वेगळे मणके नसतात.

पेशंटला उभं करताना तो तुमच्या गळ्यात हात टाकणार. टाकू देऊ नका. चादरीची रुंद घडी त्याच्या कमरेभोवती घेऊन ती धरा; पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर मात्र हे नको. आणि तोल गेलाच तर त्याला तोलून धरायचा प्रयत्न करू नका. जवळ घेऊन, तुमच्या मांडीवरून हळूच जमिनीवर बसवा.

सलाईन लावताना स्टूल ओढून बसा. ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणून वाकलेल्या सिस्टरला व्हेन सापडेपर्यंत दहा मिनिटं होतात. जमिनीवर गादी टाकलेला पेशंट असेल तर कमरेतून वाकण्यापेक्षा घडी केलेल्या चादरीवर एक गुडघा टेका, हात बदलताना गुडघाही बदला.

कमरेचा पट्टा? डॉक्टरांनी दिला असेल तर वापरा. पण दुखू नये म्हणून ड्युटीवर आवळून फिरण्याने संरक्षण मिळतं असा पुरेसा पुरावा नाही, हे अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने १९९४ मध्येच सांगितलंय. ट्रेमधली डायक्लोची (दुखणं थांबवणारी) गोळी रोज चहासोबत घेणं तर त्याहून वाईट. जठर आणि किडनी दोन्ही तुमचीच आहेत. साधी कळ असेल तर दिवसभर पडून राहू नका, झेपेल तेवढं चालत राहा.

पायात मुंग्या किंवा पाऊल उचलायला जड जाणं, हे दिसलं की लगेच ऑर्थोला दाखवा. जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी-संडासचा ताबा सुटला तर ड्युटी संपायचीही वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी. आणि पेशंट हलवताना चमक भरली तर त्याच दिवशी मेट्रनना (नर्सिंगच्या प्रमुखांना) लेखी द्या: कोणता बेड, किती वाजता, सोबत कोण होतं. पोच घेतलेली प्रत घरी ठेवा. पुढे हलकी ड्युटी मागायची वेळ आली की पहिल्यांदा तोच कागद विचारतात.