न बदलणाऱ्या लेन्सचा कॅमेरा घेताय? या चुका टाळा

'फुजीफिल्मचा एक्स१०० घेऊ की रिकोचा जीआर?' हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता मी उलट एकच विचारते, 'तुला ३५ मिमी आवडतं की २८?' हे आकडे लेन्सच्या फोकल लेंथचे: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. बहुतेकांकडे उत्तर नसतं. मेगापिक्सेल किती, स्टॅबिलायझेशन आहे का, रंग कुणाचे चांगले, हे सगळं तोंडपाठ असतं. ज्या एका लेन्सवर पुढची काही वर्षं काढायची, तिचा विचार मात्र झालेलाच नसतो.

लेन्स सोडून बाकी सगळं बघणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहिते.

फुजीफिल्मच्या एक्स१०० मालिकेत २०११ च्या पहिल्या कॅमेऱ्यापासून आजपर्यंत लेन्स २३ मिमी एफ २ चीच आहे (एफचा आकडा म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्समधलं प्रकाश येण्याचं छिद्र; आकडा मोठा तितकं छिद्र लहान). सेन्सर (फोटो टिपणारी चिप) एपीएस-सी, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या 'फुल फ्रेम'पेक्षा लहान असल्यामुळे ती फुल फ्रेमच्या हिशेबाने ३५ ची होते. त्याच हिशेबाने रिकोचा जीआर थ्री २८ चा, तर २०२१ मध्ये आलेला थ्रीएक्स ४० चा. लायकाचा क्यू २०१५ पासून २८ चा होता, २०२४ मध्ये त्यांनी क्यू३ ची ४३ मिमीची आवृत्ती काढली. रिको आणि लायका, दोन्ही कंपन्यांनी जवळजवळ तीच बॉडी घेऊन फक्त लेन्स बदलली आणि वेगळा कॅमेरा म्हणून विकली. २८ आणि ४० मधला फरक केवढा आहे, हे त्यावरून ओळखा.

माझ्या एका मित्राने जीआर थ्री घेतला तो खिशात मावतो म्हणून. तीन आठवड्यांत कंटाळला. प्रत्येक फोटोत अर्धी जमीन, अर्धं आभाळ आणि मध्ये बोटाएवढा माणूस. जवळ गेला तर चेहऱ्याचं नाक मोठं. कॅमेरा विकला आणि एक्स१०० घेतला. दोन महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार. मग मी त्याला लॅपटॉप घेऊन बसवलं आणि जुन्या १८-५५ झूमने काढलेले त्याचे फोटो फोकल लेंथप्रमाणे लावले. बहुतेक सगळे ५५ च्या टोकाला काढलेले, म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत ८२ च्या आसपास! हा माणूस लांबून, शांतपणे, एकेक चेहरा टिपणारा. त्याला छोटी बॉडी आणि ८५ च्या जवळपासची लेन्स हवी होती. उत्तर त्याच्याच हार्ड डिस्कवर पडलेलं होतं, पण ते बघायला लागणाऱ्या दहा मिनिटांसाठी त्याने दोन कॅमेरे घेतले आणि विकले.

माझी सवय सांगते. हाताशी असलेली झूम लेन्स एका आकड्यावर आणायची आणि रिंगला चिकटपट्टी लावायची. एपीएस-सी वर १८ म्हणजे साधारण २८, आणि २३ म्हणजे ३५. महिनाभर पट्टी काढायची नाही. लोक चौथ्या दिवशी काढतात आणि 'अंदाज आला' म्हणतात. चार दिवसांत फक्त अडचण कळते. चांगला फोटो मिळायला कुठे उभं राहायचं, हे पायांना कळायला तिसरा आठवडा उजाडतो.

'क्रॉप करता येतं की!'

येतं, कडा कापून मधला भाग मोठा करता येतो, पण हिशेब बघा. एक्स१००व्हीआय ४० मेगापिक्सेलचा आहे. ५० च्या क्रॉपला त्यातले २० उरतात, ७० ला १०. २८ च्या क्यू३ चे ६० मेगापिक्सेल ९० च्या क्रॉपला ६ वर येतात. छोट्या प्रिंटला एवढे पुरतात, त्याबद्दल वाद नाही. पण खऱ्या ८५ च्या लेन्सने मागचं जग जसं विरघळतं, तसं इथे विरघळत नाही. अधूनमधून क्रॉप करायला हरकत नाही. रोज करावं लागत असेल तर लेन्स चुकली आहे.

एक्स१०० साठी लेन्सच्या पुढे लावायचे २८ आणि ५० चे कन्व्हर्टर मिळतात. दोन्ही पिशवीत घालून फिरणाऱ्यांनी सरळ लेन्स बदलता येणारा कॅमेरा घ्यावा, हे माझं ठाम मत आहे.

लेन्स निघत नाही म्हणजे धूळ जात नाही?

ही माझी दुसरी दुखरी नस. जीआरची लेन्स सुरू करताना बाहेर येते, बंद करताना आत जाते. दर वेळी थोडी हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर खिशातला धुरळा, कपड्यांचे तंतू. जीआर थ्रीला वेदर सीलिंग (पाणी-धूळ अडवणारी बंदिस्ती) नाही. मी तो एक अख्खा उन्हाळा कापडी पिशवीच्या तळाशी, चाव्या आणि कागदांच्या संगतीत ठेवला. एफ २.८ आणि ४ ला काही दिसलं नाही. मग समुद्रावर एफ ११ ला दिवसभर फोटो काढले आणि घरी येऊन बघते तर प्रत्येक आभाळात वर डावीकडे, अगदी त्याच जागी, राखाडी ठिपका. अ‍ॅपर्चर जितकं लहान, तितकी सेन्सरवरच्या कणाची सावली रेखीव पडते, म्हणून इतके महिने तो लपून राहिला होता.

पुढे मी जे केलं ते कुणीही करू नका. व्हॅक्यूम क्लीनरची नळी लेन्सला लावायची आणि कॅमेरा चालू-बंद करायचा, हा उपाय लोक एकमेकांना आनंदाने सांगतात. मी केला. तो ठिपका हलला आणि त्याच्या शेजारी दोन नवे आले. शेवटी कॅमेरा उघडून साफ करून घ्यावा लागला आणि त्यात कित्येक आठवडे गेले. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात हेच काम हवा फुंकणाऱ्या ब्लोअरने दोन मिनिटांत झालं असतं. या प्रकारच्या कॅमेऱ्यांचा खरा तोटा मला विचाराल तर हा आहे, आणि तुलना करणाऱ्यांच्या बोलण्यात तो क्वचितच येतो.

आता माझा जीआर झिप लावलेल्या छोट्या कापडी थैलीत असतो, थैली दर आठवड्याला उलटी करून झटकते. महिन्यातून एकदा एफ १६ ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढून बघते. ठिपका दिसला तर आधी मेनूतली सेन्सर झटकण्याची सोय वापरते. वापरलेला कॅमेरा घेणाऱ्यांनी तर हा आभाळाचा फोटो काढल्याशिवाय व्यवहार करूच नये.

एक्स१००व्ही आणि व्हीआय 'पावसात चालतो' असं ऐकून निर्धास्त होऊ नका. पुढे अ‍ॅडॉप्टर रिंग आणि प्रोटेक्शन फिल्टर बसवला तरच त्याला पाणी-धूळ रोधक म्हणता येतं.

एनडी चालू राहणं

एक्स१०० मध्ये एनडी, म्हणजे प्रकाश कमी करणारा, फिल्टर आतच असतो. एक्स१००एफ पर्यंतच्या कॅमेऱ्यांत तीन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), व्ही आणि व्हीआय मध्ये चार स्टॉपचा. चार स्टॉप म्हणजे सोळा पट कमी प्रकाश. दुपारी उन्हात चालू करायचा, संध्याकाळी विसरायचा आणि मग 'कमी उजेडात हा कॅमेरा भिकार आहे' म्हणायचं, हे मी इतक्यांदा पाहिलंय! आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) अचानक छताला टेकला किंवा सगळंच हललेलं आलं, तर आधी एनडी बघा. मी तो एका बटणावर लावून ठेवलाय आणि कॅमेरा बंद करण्याआधी तिकडे नजर टाकते.

झटपट काही

व्हीच्या आधीच्या एक्स१०० ची लेन्स एफ २ ला अगदी जवळून धुरकट दिसते. ती बिघडलेली नाही. एफ ४ वर या.

एपीएस-सी वरच्या एफ २ कडून फुल फ्रेमच्या एफ २ इतकी धूसर पार्श्वभूमी मागू नका, ती साधारण एफ ३ सारखी येते.

जीआर थ्रीमध्ये फ्लॅश नाही, व्ह्यूफाइंडर नाही, बॅटरी साधारण २०० फोटोंची. दुसरी बॅटरी पहिल्याच दिवशी घ्या.

जीआरचा ऑटोफोकस हळू आहे, ही तक्रार बहुधा स्नॅप फोकस (आधीच ठरवलेल्या अंतरावरचा फोकस) कधीच न लावलेला माणूस करतो. २८ च्या जीआरवर उजेडात एफ ८ ठेवा आणि स्नॅप २ मीटरवर. साधारण एका मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं स्पष्ट येतं. बटण पूर्ण दाबलं की फोकस शोधत न बसता फोटो निघतो. मला हे अंगवळणी पडायला दीड महिना लागला. रोज बाहेर पडताना कॅमेऱ्याला हात न लावता 'हा खांब दोन मीटरवर आहे का?' एवढंच ओळखायचं आणि मग पावलं मोजायची.