उजनीत नवे पाणी येताना माशांचे खाद्य: जून ते ऑगस्ट

भीमेवरचे उजनी धरण जूनमध्ये पुष्कळदा मृतसाठ्यात, म्हणजे वापराच्या साठ्याखालच्या तळच्या पाण्यावर असते; 117 टीएमसीतले 63 टीएमसीहून जास्त पाणी तर मृतसाठ्याचेच. इंदापूर-करमाळ्यात थेंब नसला तरी पुण्याच्या घाटमाथ्यावर पाऊस लागला की दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून धरणात येणारे पाणी, वाढतो. धरणात पिंजरे लावून मासे पाळणाऱ्यांनी आभाळ न बघता रोज तो आकडा बघावा.

संथ पाण्यात गाळ खाली बसतो, ऊन आत शिरते, प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) वाढतात आणि कटला मासा त्यावर पोसतो. गढूळ लोंढा आला की उजेड अडतो, प्लवंग घटतात. सोबत पुण्याकडून मुळा-मुठेतले सांडपाणी येते, ते कुजताना ऑक्सिजन ओढते. मासे उपाशी आहेत म्हणून या वेळी खाद्य वाढवाल, तर ते न खाता खाली जाऊन सडते, ऑक्सिजन आणखी उतरतो. मर लागते ती अशी.

सूर्योदयाआधी ऑक्सिजन मोजा. लिटरला 4 मिलिग्रॅमच्या खाली गेला तर खाद्य निम्मे, 3 च्या खाली गेला तर पूर्ण बंद. मीटर नसेल आणि पहाटे मासे वर येऊन तोंडे मारत असतील, तर त्या दिवशी खाद्याची गोणी सोडूच नका. दोन दिवसांच्या उपासाने मोठा मासा मरत नाही. चिलापी (तिलापिया) काटक असते, तिच्यावरून कटल्याचा अंदाज बांधू नका. पाणी चढण्याआधी पिंजऱ्याच्या नांगराच्या दोराला ढील द्या. जाळ्याचा तळ आणि गाळ यांत 3 मीटर अंतर हवेच.

धरणाखाली गोष्ट वेगळी. आवर्तन (धरणातून ठरावीक दिवस सोडलेले पाणी) बंद झाले की काठचे दगड उघडे पडतात, त्यांवरचा बुळबुळीत शेवाळी थर दोन-तीन उन्हांत वाळून पापुद्रा होतो आणि दगडाखालच्या किड्यांच्या अळ्याही मरतात. रोहू माशाचे चरणे तिथेच तुटते. याउलट पाणी चढून काठचे गवत बुडाले की गांडुळे, किडे मिळतात, मरळ ही शिकारी मासळी काठाला येते. शंका असेल तर पकडलेल्या माशाचे आतडे चिरून बघा: तळाशी चरणाऱ्या मृगळाच्या आतड्यात चिखल-वाळू असणारच, रोहूच्याही आतड्यात नुसता गाळ निघाला तर नदीत चारा उरलेला नाही.

नदीवरून शेततळे भरणाऱ्यांनी पहिला लोंढा जाऊ द्यावा. नंतर पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधूनच पाणी घ्यावे, नाहीतर मरळीची पिले आत येऊन बोटुकली (बोटाएवढी मत्स्यपिले) फस्त करतात. 20 सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी तबकडी दोरीने तळ्यात सोडा. पाणी हिरवट असून ती 30 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली की नेहमीचे खाद्य सुरू करा. पाणी तांबूस असेल तर त्या मापाला अर्थ नाही, तो गाळ आहे.