मरांट्झ वॉर्म, यामाहा ब्राइट... हे घरी कसं तपासायचं?

ॲम्प (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) घ्यायचा विषय काढला की सल्ला ठरलेला, मरांट्झ घे वॉर्म म्हणजे मऊ आवाजाचा आहे, यामाहा नको, ब्राइट म्हणजे ट्रेबल जास्त, कानाला टोचतो. हे खरं की ऐकीव ते घरीच बघता येतं, दोन ॲम्प, एक मित्र, एक मल्टीमीटर आणि दोन ॲम्प एका स्पीकरवर फिरवणारा स्विच बॉक्स लागतो. बॉक्स निगेटिव्ह वायरही तोडणारा घ्या, दोन ॲम्पची आउटपुट चुकून एकमेकांना लागली तर धूर निघेल.

आधी लेव्हल, इथे आळस केला तर पुढचं सगळं फुकट. 1 किलोहर्ट्झचा टोन लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मोजा. एकावर 2.00 आलं तर दुसऱ्यावर 1.98 ते 2.02 मध्ये यायलाच पाहिजे, म्हणजे साधारण 0.1 डीबी. नॉबने जुळत नसेल तर प्लेअरमधून जुळवा. अर्धा डीबी जास्त असला तरी आवाज मोठा झालाय हे कळत नाही, फक्त तो ॲम्प जास्त मोकळा, जास्त जिवंत वाटतो आणि आपण म्हणतो वा काय साउंड आहे!

मग बास, ट्रेबल, लाउडनेस, रूम करेक्शन सगळं बंद. डॅकचा (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा भाग) फिल्टरही बघा, मरांट्झच्या काही प्लेअरमध्ये फिल्टर 1 आणि 2 असे पर्याय असतात, आणि स्लो रोल-ऑफवाल्या, म्हणजे हळूहळू उतरणाऱ्या फिल्टरला सीडी लावली की 20 किलोहर्ट्झच्या आधीच ट्रेबल उतरायला लागतं. कधीकधी तो वॉर्मनेस म्हणजे एवढंच असतं राव.

आता ॲम्पवर चादर टाका. मित्राने नाणं उडवून स्विच करायचं आणि कागदावर लिहून ठेवायचं, तुम्ही फक्त सांगायचं हा कुठला. 10 पैकी 9 बरोबर आले तर मानू, नुसत्या अंदाजाने तेवढे यायची शक्यता साधारण 1 टक्का. 6 आले तर काही सिद्ध झालं नाही, चहा घ्या.

ट्यूब ॲम्पची (ट्रान्झिस्टरऐवजी व्हॅक्यूम ट्यूबवाले) गोष्ट मात्र वेगळी, त्यांचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे आउटपुटचा स्वतःचा विरोध, जास्त असतो त्यामुळे स्पीकर बदलला की टोनही बदलतो. पण त्यातही जादू नाही, 1985 मध्ये ॲम्प बनवणाऱ्या बॉब कार्व्हरने स्टिरिओफाइल मासिकाच्या लोकांसमोर आपला ट्रान्झिस्टर ॲम्प मॉडिफाय करून एका महागड्या ट्यूब ॲम्पसारखा करून दाखवला आणि त्यांना फरक सांगता आला नाही.

स्पीकरमध्ये हाउस साउंड, म्हणजे ब्रँडचा ठरावीक आवाज, असू शकतो, तिथे फरक ऐकायला मीटर लागत नाही. पण दोन्ही जोड्या त्याच जागी, भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर ठेवा, खालचा बास बराचसा तुमची खोलीच ठरवते. आणि एका मॉडेलवरून ब्रँडवर शिक्का मारू नका, वेगवेगळ्या काळातली दोन-तीन मॉडेलं ऐका, मोजमापाचे ग्राफ मिळाले तर शेजारी ठेवा. सगळ्यांत तोच चढउतार दिसला तर त्याला ब्रँडचा साउंड म्हणायला माझी हरकत नाही.