स्मोक्ड माशांसोबत वाइन: निवड आणि गारवा

माशाला पांढरी आणि मटणाला लाल, एवढ्या एका नियमावर वाइन निवडणाऱ्यांनी स्मोक्ड बांगडा बहुधा कधी खाल्लेला नसतो. धुरी दिलेल्या माशात जिभेला आधी मीठ जाणवते, मग धूर, मग माशाचे तेल. मासा कोणत्या जातीचा आहे हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणून वाइन निवडायची ती या तिघांना पुरी पडेल अशी, म्हणजे भरपूर आम्लता असलेली आणि ओकच्या पिंपाचा वास नसलेली.

मासा कोणत्या पद्धतीने स्मोक केला आहे, हे आधी पाहावे. पाकिटातून येणारा सॅमन बहुतेक वेळा कोल्ड स्मोक्ड असतो. तो साधारण तीस अंशांखाली धुरात ठेवलेला असल्यामुळे शिजलेला नसतो आणि लोण्यासारखा मऊ लागतो. त्याच्याबरोबर ब्रूट, म्हणजे कमी साखरेची, स्पार्कलिंग (फेसाळ वाइन) घ्यावी, कारण बुडबुडे आणि आम्लता मिळून तोंडातला तेलकटपणा धुऊन काढतात. घरी जाड बुडाच्या कढईत, नारळाच्या सोडणांच्या धुरावर तयार होणारा बांगडा किंवा सुरमई मात्र पूर्ण शिजते आणि तिचा धूरही अधिक कडवट असतो. तिच्याबरोबर किंचित गोडसर रीझलिंग किंवा नाशिककडची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन मला अधिक जुळलेली वाटते. पोर्तुगालच्या वायव्येकडील विन्यो व्हेर्दे ही वाइन मिळाली, तर ती दोन्हींबरोबर चालते. ती हलकी असते आणि बऱ्याचदा तिला बारीक फेसही असतो.

लेबल वाचताना एक फसगत टाळावी. स्पार्कलिंगवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ लिहिलेले असले, तरी ती ब्रूटपेक्षा गोड असते: ब्रूटमध्ये लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर असते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17 ग्रॅम. दुकानाच्या काचेत उन्हाला उभी असलेली बाटली घेऊ नये. आतल्या कपाटातली मागावी.

लाल वाइनचा आग्रह धरणारा एक तरी पाहुणा प्रत्येक पंगतीत असतोच. त्याला नम्रपणे नकार द्यावा. वाइनमधील लोह माशाच्या तेलाशी संयोग पावून तोंडात मासळीचा उग्र वास उरतो, असे जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवून दिले, आणि लाल वाइनमध्ये लोह बऱ्याचदा अधिक असते. त्यात तिचा तुरटपणा धुराच्या कडवटपणात भर घालतो. ओकमध्ये मुरवलेली शार्डोने ही पांढरी वाइन मी याच कारणाने वगळते, कारण धुरावर लाकडाचा वास चढवून काहीच साधत नाही. आपल्याकडे पोर्ट या नावाने विकली जाणारी गोड वाइन बेबिंका या गोव्याच्या गोड पदार्थाबरोबर द्यावी, माशाबरोबर नव्हे.

माणशी अर्धी बाटली धरावी.

आता गारवा. माझे सर्वांत जास्त हात पोळले ते इथेच. वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी ही सूचना युरोपातल्या थंड घरांसाठी होती. गोव्यात ऑक्टोबरच्या संध्याकाळी बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत बसलो, तर तेच तापमान तीस अंश असते. स्पार्कलिंग सहा ते आठ अंशांवर आणि बाकीची पांढरी आठ ते दहा अंशांवर लागते. त्याहून गरम झाली, की मद्यार्काचा जाळ पुढे येतो आणि धुराचा खवखवाट वाढतो. बर्फासारखी गार केली, की वाइनचा सुगंधच गोठतो आणि आपण फक्त आंबट पाणी पितो.

पहिल्या मेजवानीच्या वेळी मी चार बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवल्या आणि मासा भाजण्याच्या गडबडीत विसरले. दोन गोठल्या आणि एकीचे बूच बाहेर ढकलले गेले. दुसऱ्या वेळी मासळी विकणाऱ्याकडून स्वस्तात बर्फाची लादी आणून फोडली. बाटल्या छान गार झाल्या, पण प्रत्येकीच्या गळ्याला तारल्यांचा वास येत होता, आणि वाइन ओतताना नाक बाटलीच्या अगदी जवळ असते. तिसऱ्या वेळी घरचा बर्फ बादलीत नुसताच भरला. बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते, हवा गारवा पोहोचवत नाही, आणि अर्ध्या तासानंतरही बाटली जेमतेम गार झाली होती.

तेव्हापासून माझी पद्धत एकच आहे. बाटल्या सकाळीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आडव्या ठेवाव्यात. पाहुणे येण्याच्या वीस मिनिटे आधी बादलीत निम्मा बर्फ, निम्मे पाणी आणि मूठभर जाडे मीठ घालून त्यात बाटल्या गळ्यासकट बुडवाव्यात. मिठामुळे ते पाणी शून्याच्या खाली उतरते, म्हणून त्यात बाटली तासभर विसरू नये. जेवण सुरू झाल्यावर मीठ न घातलेली दुसरी बादली जवळ ठेवावी. गळा पाण्याबाहेर राहिला, तर पहिला ग्लास कोमट निघतो. स्पार्कलिंग असेल, तर वरचा कोमट भाग बूच काढताच उसळून टेबलक्लॉथवर येतो. आणि भरलेला ग्लास हा उष्ण हवेत गारवा गमावण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. मी थर्मामीटर लावून पाहिले आहे: आठ अंशांवर ओतलेली वाइन पाहुण्यांची पहिली विचारपूस संपेपर्यंत बारा-तेरा अंशांवर जाते. म्हणून एका वेळी ऐंशी मिलिलीटरपेक्षा अधिक ओतू नये आणि पुन्हा पुन्हा ओतत राहावे. यजमानाला उठबस होते, ती होऊ द्यावी. ग्लासात बर्फ घालण्याची सवय मात्र मोडावी. वाइन पातळ होते आणि धुरापुढे तिचा टिकाव लागत नाही.

स्पार्कलिंगचे बूच अंगठ्याने दाबून धरावे आणि बाटली फिरवावी, बूच फिरवू नये. ग्लास दांड्याला धरावा.

मासा वाढताना मसाल्यांना आवर घालावा. रेशादचा मसाला, म्हणजे गोव्याचा लाल मिरचीचा आंबट मसाला, मला प्रिय आहे, पण स्मोक्ड माशावर तो घातला, की मिरची वाइनमधील मद्यार्काची आग वाढवते आणि धूरही हरवतो. घट्ट दह्यात चिरलेला शेपू, काकडीच्या पातळ चकत्या आणि गरम पोई, म्हणजे गोव्याचा पाव, एवढे पुरे. लिंबू थेंब-दोन थेंबच पिळावे, कारण ताटातला आंबटपणा वाढला, की ग्लासातली वाइन बेचव लागते. सोलकढी शेवटी, वाइन संपल्यावर द्यावी. मासा फ्रीजमधून वाढण्याच्या पंधरा मिनिटे आधी काढावा; आपल्या हवेत तासाहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, विशेषतः बांगडा.

उरलेली पांढरी वाइन बूच लावून फ्रीजमध्ये ठेवल्यास दोन-तीन दिवस टिकते. स्पार्कलिंगच्या तोंडात चमचा अडकवल्याने फेस टिकतो, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. त्यासाठी दाबून बसणारे झाकण मिळते, ते विकत घ्यावे.