खाऱ्या कोपऱ्यात घोळ लावा : नागपूरकडच्या शेतकऱ्यांसाठी उन्हाळी सल्ला

होळी झाली की संत्र्याच्या बागेत ठिबकच्या नळीजवळ वाकून पाहा. ओल संपते त्या कडेला पांढरी पुटं दिसली, तर ते बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत. आपल्या काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा मुळातच कमी. आंबिया बहाराला, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्याला, उन्हाळाभर पाणी द्यावं लागतं, त्यातलं बरंचसं वरच्यावर उडून जातं आणि क्षार तिथंच साचतात. अशा जागी मेथी पिवळी पडते, कोथिंबीर उगवत नाही. घोळ ही रानभाजी मात्र येते. तांबूस जाड देठ भुईवर पसरतात, पानं गुबगुबीत असतात, सकाळच्या उन्हात पिवळी इवली फुलं उमलतात. निंदणाच्या बाया ती उपटून पदरात बांधून नेतात, कारण तिची किंमत त्यांना ठाऊक असते. आपण तिला तण म्हणतो आणि फवारा मारतो. यंदा तो खारा कोपरा घोळीलाच द्या.

संस्कृतात हिला लोणिका म्हणतात, म्हणजे नावातच मीठ आहे. तिची धाकटी बहीण चिवळ, तीही उन्हाळ्यात आपल्या बाजारात येते. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता, म्हणजे मातीच्या खारेपणाचं माप, साधारण दीड डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की संत्र्याचं उत्पादन घटू लागतं. घोळ सहापर्यंत फारशी कुरकुर करत नाही. त्यापुढे तीही खुरटते, म्हणून पाणी तपासून घ्या. मोटार दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, मग स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत लिटरभर पाणी भरून मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात न्या. मातीचा नमुनाही सोबत द्या. सामू (पीएच) साडेआठच्या वर आणि सोडियम जास्त निघाला तर जमीन चोपण, म्हणजे सोडियममुळे घट्ट आणि निचरा न होणारी, होत चालली आहे. तिथं अहवालानुसार जिप्सम टाकावं लागेल. नुसते क्षार असतील तर चर काढून पावसाच्या गोड पाण्यानं ते धुऊन काढायचे. घोळ कापून नेली की थोडे क्षार तिच्याबरोबर शेताबाहेर जातात हे खरं, पण तेवढ्यानं जमीन सुधारेल असं समजू नका.

लागवड मार्चअखेर करा. बी खसखशीपेक्षाही बारीक आणि काळं असतं. ते वाळूत मिसळून ओल्या वाफ्यावर भुरभुरा आणि वर माती लोटू नका, त्याला उजेड लागतो. उगवताना रोप नाजूक असतं, म्हणून पहिली दोन-तीन पाणी विहिरीच्या गोड पाण्याची दिली तर बरं. मला विचाराल तर बियाण्यापेक्षा चार बोटं लांबीचे कोवळे देठ खोचणं सोपं, पेरापेरातून मुळं फुटतात. चार ते सहा आठवड्यांत पहिली कापणी मिळते. बुडाशी दोन बोटं देठ ठेवला की पुन्हा फुटते. पाण्याचा ताण असला की घोळ रात्री आम्ल साठवते, म्हणून पहाटेची भाजी आंबट लागते आणि संध्याकाळची सौम्य. गिऱ्हाइकाला कशी आवडते ते पाहून कापणीची वेळ ठरवा.

औषध म्हणून जुनी माणसं उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ झाली, की घोळीची पातळ भाजी देत. घामोळ्यांवर, किरकोळ भाजल्यावर, माशी चावल्यावर ठेचलेल्या पानांचा लेप लावत. मूळव्याध आणि मलावरोधातही ती पथ्याची मानली जाते. युनानी वैद्यकात तिचं बी खुर्फा नावानं थंड औषध म्हणून वापरतात. हे घरगुती उपाय आहेत. लघवीतून रक्त, ताप, मोठी जखम असेल तर थेट दवाखाना गाठा. घोळीत ऑक्झॅलेट बरंच असतं. मुतखड्याच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ती खाऊ नये, गरोदर बाईनं औषध म्हणून घेऊ नये. बाकीच्यांनी उकळून पाणी टाकावं, सोबत दही घ्यावं. दह्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेट बांधून ठेवतं. भुकेल्या शेळ्यांना घोळीच्या दाट वाफ्यात मोकळं सोडू नका, पोटभर खाल्ली तर विषबाधा होऊ शकते.

तोडताना देठ मोडून बघा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, दुधी नावाच्या चिकाळ तणाच्या जातीचं झाड आहे, फेकून द्या. तणनाशक मारलेल्या वावरातली, नाग नदीच्या काठची किंवा सांडपाण्यावरची घोळ कितीही हिरवीगार दिसली तरी बाजारात नेऊ नका. जड धातू ती पानांत ओढून घेते.

आणि फुलं दिसू लागली की थांबू नका. एका झाडाला लाखाच्या वर बिया धरू शकतात आणि त्या वर्षानुवर्षं जमिनीत जिवंत राहतात. बोंडाचं टोपण उघडण्याआधी कापणी उरका. नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, संपेपर्यंत वाफा मोकळा करा, म्हणजे ती सोयाबीनमध्ये शिरणार नाही. उपटलेली झाडं धुऱ्यावर टाकू नका, पहिल्या पावसात तिथंच मुळं धरतील. ताडपत्रीवर पसरून कडकडीत वाळवा आणि वावराबाहेर न्या.